ठोकळे कोणी बिघडवले?

१

दाबयंत्राचा काटा जेमतेम हलला आणि पहिला ठोकळा खाली बसला. तडकला नाही, आवाज करून फुटला नाही. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा मुकाट्याने बसला. दुसऱ्याची तीच गत. तिसरा डॉक्टरांनी यंत्रात ठेवलाच नाही. हातात घेतला, कडेवर अंगठ्याचं नख दाबलं, तर अख्खी कड निखळून त्यांच्या बुटावर पडली.

मुख्य कचेरीतून आलेले संचालक एकमेकांची तोंडं बघत राहिले.

हे डॉक्टर औषधं देणारे नव्हेत. सिमेंटच्या या कारखान्यात प्रयोगशाळेचे प्रमुख होते ते. खाणीतला चांगला चुनखडक संपत आला होता. उरलेला इतका खोल गेला होता की तो काढण्यापेक्षा कारखान्याला कुलूप लावलेलं बरं, असं वर बोललं जायला लागलं होतं. डॉक्टरांनी त्यावर तोड काढली होती. खडकावरची जी माती उपसून खाणीच्या कडेला वर्षानुवर्षं फेकून दिली जात होती, ती भाजायची, दळायची, टाकाऊ चुनखडीची पूड तिच्यात मिसळायची. मग भट्टीतून निघणारा महागडा क्लिंकर, म्हणजे सिमेंटचे मूळ खडे, निम्माच लागतो. सिमेंट स्वस्त, खाणीचं आयुष्य दुप्पट. आजवर जितके म्हणून नमुन्याचे ठोकळे भरले, ते सगळे दगडासारखे निघाले होते. म्हणून तर आज संचालक स्वतः बघायला आले होते.

"घातपात!" मॅनेजरसाहेब ओरडले. "सरळसरळ घातपात आहे हा!"

सगळ्यांच्या मागे, दाराशी, एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत एक बाई उभी होती. पोलिसातली नोकरी सोडून ती मुख्य कचेरीच्या दक्षता खात्यात आली होती. खुर्चीत कधी कोणी तिला टेकलेलं पाहिलं नव्हतं, म्हणून कचेरीत तिचं नाव भिंगरी पडलं होतं, आणि तिलाही ते ठाऊक होतं.

थोरल्या संचालकांनी वळून तिच्याकडे पाहिलं. "आम्ही दुपारपर्यंत आहोत, बाई. त्यानंतर या कारखान्याचं काय करायचं ते ठरवून निघू."

भिंगरीने बुटाजवळ पडलेली कड उचलली आणि खिशात टाकली.

२

"त्याला धरा आधी," डॉक्टर म्हणाले. "आजचे ठोकळे त्यानेच भरलेत."

तो म्हणजे जावई. मॅनेजरसाहेबांचा जावई, डॉक्टरांच्या हाताखालचा रसायनतज्ज्ञ. त्याने स्वतःची एक योजना मांडली होती, वीजकेंद्रातली राख वापरायची. पण डॉक्टरांच्या मातीपुढे राखेला कोणी विचारलं नव्हतं. एरवी ठोकळे भरायचं काम प्रयोगशाळेतल्या वहिनींचं. या वेळी त्या रजेवर होत्या, म्हणून जावयाने भरले.

भिंगरीने त्याला तराजूच्या खोलीत गाठलं. खिडकीपासून दारापर्यंत तिच्या येरझाऱ्या चालू झाल्या. बिचाऱ्याची मान तिच्याबरोबर इकडून तिकडे फिरत राहिली.

"काय मिसळलंत?"

"जे सांगितलं होतं ते. त्यांच्याच पिंपातलं मिश्रण, वाळू, पाणी. गुंजभर इकडेतिकडे नाही."

"तुमची राख नाकारली. राग आला असेल."

"आला ना. घरी दोन दिवस बायकोशी बोललो नाही." तो कडवट हसला. "पण बाई, मी सासऱ्यांच्या जिवावर इथे चिकटलोय असं आधीच अख्खा कारखाना म्हणतो. त्यात मी स्वतः भरलेले ठोकळे स्वतःच बिघडवीन? मला वेड लागलंय?"

भिंगरी थांबली. मुद्दा बिनतोड होता. ज्याच्यावर पहिला संशय जाणार हे शेंबडं पोरही सांगेल, त्याने असा उघडा डाव का खेळावा?

"या सगळ्यात तुम्हाला काही खटकलं होतं?"

त्याने दाराकडे पाहिलं, आवाज उतरवला. "खटकलं होतं. बोललो, तर जळतो म्हणाले. ही भाजलेली माती सावकाश जोर धरते. पहिले काही दिवस असा ठोकळा जरा नरमच असायला हवा. डॉक्टरांचे ठोकळे पहिल्याच तोडणीला, म्हणजे यंत्रात दाबून फोडताना, ताठ. अगदी आपल्या नेहमीच्या सिमेंटसारखे."

"मग डॉक्टरांना ते कळलं नाही?"

"परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले तर तुम्ही पेपर परत तपासायला मागता का?"

३

खाणीचा ठेकेदार फाटकाशीच भेटला. खडक काढायचा ठेका त्याचा. खडक कमी लागला तर पहिली झळ त्यालाच, असं मॅनेजरसाहेबांनी दोनदा बजावून सांगितलं होतं.

"कसली झळ?" ठेकेदार उखडला. "ती माती उचलून लांब टाकायला माझ्या गाड्या झिजल्या. आता तीच माती हे लोक विकत घेणार. मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेईन का? उलट मीच त्यांना म्हणतोय, बाबांनो, ढेकळं डोक्याएवढाली आहेत, फोडून तरी भट्टीत घाला. तर घाई! जशी आली तशी लोटली आत."

भिंगरी चालता चालता ऐकत होती, आणि ठेकेदार तिच्यामागे जवळजवळ धावत होता.

"वहिनींना विचारा की. त्या सांगतील. काय आजारी होत्या म्हणे? त्याच दिवशी मी त्यांना पाळणाघराच्या नव्या बांधकामावर पाहिलं. चांगल्या ठणठणीत होत्या. छताखाली वर बघत उभ्या होत्या."

वहिनी मिश्रणाच्या खोलीत साचे घासत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, अंगाने बारीक, मनगटं मात्र सुताराची असावीत तशी. त्या डॉक्टरांच्या सख्ख्या वहिनी. त्यांचा नवरा याच कारखान्यात होता. तो गेल्यावर त्यांना इथे घेतलं. डॉक्टर त्याआधीपासून, शाळकरी वयापासून, त्यांच्याच घरात वाढलेले. आता सगळा कारखानाच त्यांना वहिनी म्हणत होता.

"अंगात कणकण होती," त्या म्हणाल्या. मान वर केली नाही.

"आधीचे सगळे ठोकळे तुम्हीच भरलेत?"

"मीच."

"कोणी मदतीला?"

"मला मदत लागत नाही. गर्दी झाली की हात चुकतो."

भिंगरीची नजर खोलीभर भिरभिरली. पिंपं, वाळू, चाळण्या. कोपऱ्यातल्या मोरीच्या पांढऱ्या फरशीवर, जाळीभोवती, एक गडद लाल कडं बसलं होतं. घासून घासून फरशीची चकाकी गेली होती, कडं गेलं नव्हतं.

एवढ्यात दारात एक गवंडी आला. डोक्यावर टोपलं तसंच. भिंगरी त्याला दिसली नसावी.

"वहिनी, आता माझ्या हातात काही नाही बरं का. इतके दिवस तुमच्या शब्दाखातर थांबवलं. पण आता खुद्द साहेबांचा हुकूम आला."

वहिनींच्या हातातला साचा मोरीत पडला. केवढा तरी आवाज झाला.

"कसला हुकूम?" भिंगरीने विचारलं.

"काही नाही हो," वहिनी घाईने उठल्या. "भिंतीचं काम आहे त्यांचं. मी आलेच." आणि पदराला हात पुसत त्या गवंड्याच्या मागोमाग निघूनसुद्धा गेल्या.

४

प्रयोगशाळेच्या मागे तोडलेल्या ठोकळ्यांचा ढीग होता. कोणी ते टाकत नसे, कोणी उचलत नसे. भिंगरीने एक जुना तुकडा घेतला, दुसऱ्या हातात आज सकाळची कड. दोन्ही लालसर. लांबून बघाल तर भावंडं.

तिला नुसतं उभं राहता येईना, म्हणून ती चालत सुटली, आणि चालता चालता दोन्ही तुकडे दोन तळहातांवर चोळत राहिली. डोक्यात जावयाचे शब्द फिरत होते. अगदी आपल्या नेहमीच्या सिमेंटसारखे. मोरीतलं ते कडं. ठणठणीत बाई, छताखाली वर बघत उभी.

नळ दिसला तसे तिने हात धुतले.

डावा हात लगेच स्वच्छ झाला. सकाळच्या कडेची गुलाबी धूळ विटेच्या चुऱ्यासारखी पाण्याबरोबर वाहून गेली. उजवा होईना. साबण लावला, नखाने खरवडलं. तळव्याच्या एकेका रेघेत लाल रंग बसला होता, मेंदी काढल्यासारखा.

हा रंग तिला माहीत होता. तिच्या माहेरी गवंडी बैठकीच्या खोलीत लाल कोबा करायला आले, तेव्हा आठवडाभर सगळ्यांचे तळपाय असेच झाले होते. साध्या करड्या सिमेंटात ते रंगाची पूड कालवायचे. डब्यातली पूड. लाल.

सकाळपासून सगळे एकच विचारत होते, आजचे ठोकळे कोणी बिघडवले? प्रश्नच उलटा होता. आजचे ठोकळे कोणीच बिघडवले नव्हते. जावयाने सांगितलं तसं इमानदारीने भरले, आणि ते जसे होते तसे निघाले.

खोटे होते ते आधीचे.

ती धावतच मिश्रणाच्या खोलीत आली. खोली रिकामी होती. नळ तसाच वाहत होता.

५

मॅनेजरसाहेब मात्र आता खुशीत होते. व्हरांड्यात संचालकांना घेऊन निघाले होते.

"ठोकळ्यांचं सोडा हो, साहेब! घातपात आहे, आमच्या बाई शोधतील. तुम्ही प्रत्यक्ष काम बघा ना. डॉक्टरांनासुद्धा मी सांगितलं नव्हतं, तुम्हाला चकित करायचं म्हणून. कामगारांच्या पाळणाघराचं नवं छत आपण याच सिमेंटचं घातलंय. वेळ थोडी अलीकडे ओढली, आजच टेकू काढायला सांगितलेत. खाली मुलं बसवतो, गाणं म्हणतील."

डॉक्टरांनी दचकून वर पाहिलं. "कुठलं सिमेंट? माझं?"

"तुमचंच. चाचणीच्या गोदामातली पोती उचलली. एवढे उत्तम निकाल आल्यावर वाट कशाची बघायची?"

मिश्रणाच्या खोलीतून बाहेर पडलेली भिंगरी वाटेतच थबकली. ठोकळे खोटे होते. पण पोती खरी होती. ठोकळ्यांत नेहमीचं सिमेंट गेलं आणि छतात ती नरम माती.

"टेकू काढायला सुरुवात झाली?"

"झालीच असेल. का?"

उत्तर द्यायची गरज पडली नाही. अंगणापलीकडून लाकडावर घण बसल्याचा आवाज आला. ठक. मग जरा थांबून, पुन्हा ठक.

भिंगरी पळाली. मागून डॉक्टर पळाले. त्यांना काय झालंय हे पुरतं कळलेलं नव्हतं, पण तिचा चेहरा त्यांनी पाहिला होता.

६

पाळणाघरातली बाई मुलांना घेऊन कुंपणाजवळ उभी होती, गोंधळलेली. "वहिनींनी दटावून सांगितलं, एकाही पोराला पुढे आणायचं नाही," ती म्हणाली. "त्या स्वतः मात्र आत गेल्यात."

नवी इमारत म्हणजे तीन भिंती आणि वर छत. एका कडेचे टेकू निघून बाहेर पडले होते. आत, मधल्या टेकूला दोन्ही हातांनी मिठी मारून वहिनी उभ्या होत्या. घण घेतलेला गवंडी त्यांच्यासमोर हतबल.

"अहो, बाजूला व्हा ना, वहिनी! माझी नोकरी जाईल."

"घाल घण. माझ्यासकट घाल."

भिंगरीने वर पाहिलं. मोकळ्या झालेल्या कडेला छताने पोट सोडलं होतं. केसासारखी एक रेघ तिच्या डोळ्यांदेखत लांब होत मधल्या टेकूकडे चालली होती. वरून गुलाबी धूळ झरत होती.

"घण खाली ठेवा," ती हळू आवाजात गवंड्याला म्हणाली. "टाकायचा नाही, ठेवायचा. आणि बाहेर चला."

त्याने तिच्या नजरेच्या रोखाने वर पाहिलं. पुढचं काही सांगावं लागलं नाही.

वहिनी मात्र टेकू सोडेनात. त्यांची बोटंच सुटत नव्हती. भिंगरी आत पाय टाकणार तोच तिला ढकलून डॉक्टर पुढे झाले.

"वहिनी, सोड. चल."

"मी सोडलं की पडेल रे."

"पडू दे. तू चल."

त्यांनी वहिनींची बोटं एकेक करून सोडवली, त्यांना जवळजवळ उचललं आणि बाहेर आणलं. दोघं अंगणात पोचतात न पोचतात तोच मोकळी कड खचली. छताचा तो अख्खा भाग सळयांसकट खाली आला. आवाज फार मोठा नव्हता. धूळ मात्र बराच वेळ बसेना. मग एक मूल रडायला लागलं आणि त्याचं बघून सगळीच.

७

अंगणातल्याच पायरीवर वहिनी बसल्या. संचालक, मॅनेजर, जावई, ठेकेदार, सगळे भोवती जमले. भिंगरी त्यांच्यामधून फिरत बोलत होती.

"आधीच्या ठोकळ्यांत नवं मिश्रण नव्हतंच. कारखान्याचं रोजचं सिमेंट होतं, आणि लालसर दिसावं म्हणून कोब्यात घालतात तो रंग. त्याचा डाग मोरीत आहे, ढिगातल्या तुकड्यांत आहे, माझ्या हातावर आहे. हे करणारं माणूस ठोकळे एकट्यानेच भरणारं हवं. आणि तेच माणूस गवंड्याला रोज सांगत होतं, टेकू काढू नकोस. छत कच्चं आहे हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक असणार?"

डॉक्टर वहिनींसमोर उकिडवे बसले. "खरं आहे हे?"

वहिनींनी मान हलवली.

"का?"

"पहिले ठोकळे भुसभुशीत निघाले. मीच आधी चाचपून पाहिले, तुला दाखवले नाहीत." त्यांचा आवाज कोरडा होता. "तू जेवत नव्हतास. रात्ररात्र त्या भट्टीपाशी. तुझा दादाही असाच होता शेवटी. मला वाटलं, एकदा चांगला निकाल दिसू दे, माणूस चार घास खाईल, झोपेल, मग डोकं चालेल, खरी चूक सापडेल. एकदाच म्हणून केलं. तू नाचत घरी आलास. मग दुसऱ्या वेळी कसं मोडू?"

"आणि छत?"

"ते ओतताना मी पाहिलं. गुलाबी काला. तेव्हा ठरवलं, पुढचे ठोकळे भरायचेच नाहीत. दुसऱ्या कोणी भरले की खरं काय ते सगळ्यांसमोर येईल, आपोआप सगळं थांबेल. तर हे घातपात म्हणून ओरडायला लागले." त्यांनी मॅनेजरसाहेबांकडे नव्हे, जमिनीकडे पाहिलं. "तोंड उघडायला हवं होतं मी. तोंडच उघडेना."

डॉक्टर उठले. त्यांना राग आला होता, आणि तो ठेवायचा कुठे हे कळत नव्हतं. "तू मला मूर्ख बनवलंस, वहिनी. सगळ्या जगासमोर."

"हो," त्या म्हणाल्या.

मॅनेजरसाहेबांनी घसा खाकरला. "म्हणजे दोष कोणाचा ते स्पष्ट झालं. यांना आजच्या आज—"

"थांबा," भिंगरी म्हणाली. "रंग यांनी कालवला, तो गुन्हा आहे आणि मी तसंच सांगणार आहे. पण डॉक्टरांना न विचारता चाचणीची पोती उचलून मुलांच्या डोक्यावर छत कोणी घातलं? वेळेआधी टेकू काढायला कोणी लावले? आणि हे," तिने जावयाकडे बोट केलं, "निकाल फाजील चांगले आहेत म्हणाले, तेव्हा हसलं कोण कोण?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. मग एकदम वर केली आणि ठेकेदाराकडे वळले.

"सकाळी फाटकाशी तुमचा आवाज चढला होता. ढेकळांचं काहीतरी सांगत होतात बाईंना?"

"सकाळी कसलं, महिनाभर सांगतोय! डोक्याएवढाली ढेकळं भट्टीत घालता."

डॉक्टर पडलेल्या छताकडे गेले, एक तुकडा उचलला, बोटांत चुरला, जिभेला लावला. "कच्ची," ते स्वतःशीच म्हणाले. "वरून भाजली, आत कच्चीच राहिली. मातीचा दोष नाही. फोडून भाजायला हवी होती."

थोरले संचालक त्यांच्याजवळ आले. "आणखी एक संधी मागताय का?"

"मागतोय. ठोकळे भरताना तुमचा माणूस समोर उभा ठेवा."

८

मॅनेजरसाहेबांची बदली झाली, वहिनींची नोकरी गेली. भिंगरीने लिहायचं ते सगळं लिहिलं होतं, काही लपवलं नव्हतं. तरी त्यानंतर कित्येक दिवस तिला कुठल्याच कामात चैन पडलं नाही. नव्या ठोकळ्यांच्या तोडणीला मुख्य कचेरीचा माणूस म्हणून कोणाला पाठवायचं ते ठरत होतं, तेव्हा तिने स्वतःहून हात वर केला.

वहिनी फाटकाबाहेर उभ्या होत्या. आत यायची त्यांना परवानगी नव्हती.

जावयाने यंत्र चालू केलं. काटा चढत गेला, त्या दिवशीच्या भुसभुशीत ठोकळ्यांच्या कितीतरी पुढे, आणि मग ठोकळा खणखणीत आवाज करून तडकला. जावयाने आकडा वाचला. नवे मॅनेजर कागदावर वाकले.

"ठरवलं होतं त्याहून कमीच आहे की हो."

"कमी आहे," डॉक्टर म्हणाले. "भिंतीला चालेल, गिलाव्याला चालेल. छताला अजून नाही. तसंच लिहा."

मग फुटक्या ठोकळ्याचा तुकडा घेऊन ते फाटकापर्यंत चालत गेले. भिंगरी मागोमाग. घरी दोघांचं बोलणं तेव्हापासून बंदच होतं, हे तिला जावयाने सांगितलं होतं. डॉक्टरांनी गजांमधून तुकडा पुढे केला. वहिनींनी तो उलटसुलट करून पाहिला, नखाने टोकरला, कोपऱ्यातल्या बारीक भोकांवरून बोट फिरवलं.

"कोणी भरला?"

"मी."

"साचा नीट ठोकला नाहीस. कोपऱ्यात हवा राहिली आहे. म्हणून कमी आला."

डॉक्टरांनी तुकडा त्यांच्या हातून परत घेतला.

"किती वेळा ठोकायचा?"

"वर पाणी चकाकेपर्यंत," वहिनी म्हणाल्या. "मोजायचं नाही. बघत राहायचं."

ते मान हलवून तसेच आत वळले, आणि दुसरा साचा मांडायला लागले.